कृष्णात सरांचे नारळ

आमच्या ऑफिसात कृष्णात सर नावाचा एक प्राणी आहे. प्राणी म्हटलं म्हणून कुणाला राग आला तर येऊ दे. सर म्हणते ती जिभेची सवय झाली, त्यात मान वगैरे काही नाही.

मी अमिता, दिवाळे कोळीवाड्याची. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत रिसेप्शनला बसते. हजेरी बघते, कुरिअर घेते, चहावाल्याशी भांडते. ही कंपनी बोटींच्या तब्येतीवर लक्ष ठेवते. हसू नका, खरंच तेच काम आहे. फायबरच्या बोटीच्या अंगाला आतून केसासारख्या बारीक तारा चिकटवतात. बोटीला कुठं ताण आला, कुठं दणका बसला, आत काही तडकलं, की त्या तारांना कळतं, आणि बोटीवरच्या डब्यातून ते आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर येतं. पडद्यावर प्रत्येक बोटीचं एक चित्र असतं. ठीक असेल तर हिरवं, संशय असेल तर पिवळं, धोका असेल तर लाल. त्या पडद्यासमोर बसून पगार घेणारा माणूस म्हणजे हा कृष्णात.

आता कुणी म्हणेल, बोट फुटायला आली तर डोळ्यांना दिसत नाही का? लाकडाची असेल तर दिसतं. फायबरचं तसं नाही. फायबर म्हणजे काचेच्या कापडाचे थर, चिकट रसायन ओतून एकावर एक बसवलेले. दणका बसला की वरचा रंग तसाच राहतो आणि आतले थर सुटतात, पोळीचे पदर सुटतात तसे. मग रोज लाट आपटते, रोज थोडे आणखी सुटतात. बाहेरून बोट नवीकोरी दिसते. म्हणून तर तारा लावायच्या.

साहेबांना गिऱ्हाइकांना दाखवायला काही बोटी हव्या होत्या, म्हणून त्यांनी दिवाळ्यातल्या चारसहा बोटींवर हे सगळं फुकट बसवून दिलं. त्यात एक बोट आमची. माझे वडील रामचंद्र, त्यांना घरातले आणि अख्खं दिवाळं आप्पा म्हणतं, आणि माझा धाकटा भाऊ हितेश, दोघं ती बोट घेऊन मासेमारीला जायचे. म्हणजे कृष्णातच्या पडद्यावर जे हिरवं-पिवळं दिसायचं ते माझ्या घरच्यांचे जीव होते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मीच पहिल्या दिवशी जाऊन सांगितलं होतं, सर, ही आमची बोट, जरा नीट बघा हां. तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, टेन्शनच घेऊ नका, डोळ्यांत तेल घालून बघतो.’

तेल तो डोळ्यांत नाही, डोक्याला घालायचा. भरपूर. गडहिंग्लजकडचा माणूस, नावड्याला भाड्यानं राहतो, बाइकवरून येतो. आला की आधी खिशातून मऊ फडकं काढून पडदा पुसायचा, देवाची तसबीर पुसावी तसा. मग खुर्चीत टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, ‘चला, सगळं हिरवं!’ जणू त्यानंच रात्रभर बसून रंगवलंय. बोटींचा तज्ज्ञ म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत फोटो छापलाय त्याचा, हाताची घडी घालून. आणि हा तज्ज्ञ जन्मात कधी बोटीत चढलेला नाही. तारा बसवायच्या दिवशी दिवाळ्याच्या जेटीवर आला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासानं नाकाला रुमाल लावला, आणि लांबूनच हातवारे करत पोरांना सांगत बसला, इथं चिकटवा, तिथं चिकटवा. आप्पांनी हात पुढं केला, या सायेब, बोटीवर या. तर म्हणे मला उलटी होते. बोट चिखलात रुतून उभी होती, ओहोटी होती. उभ्या बोटीत उलटी होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला ती भानगड झाली. पावसाळ्याची बंदी संपली, बोटींना रंग लागले, पताका लागल्या. आमच्या घरात पद्धत आहे, समुद्राला नारळ द्यायच्या आधी एक नारळ बोटीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जोरात आपटून फोडायचा. आप्पांचा हात भारी. त्यांनी नारळ आपटला आणि इकडं ऑफिसात पडदा लालभडक झाला, भोंगा वाजायला लागला. कृष्णात खुर्चीतून असा उडाला की खुर्ची मागं पडली. ‘मॅडम, तुमची बोट फुटतेय!’ असं ओरडत त्यानं आप्पांना फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि सगळ्यांसमोर किंचाळला, ‘आप्पा, उड्या मारा! सगळ्यांनी पटापट उड्या मारा!’

पलीकडून बँजोचा आवाज आणि आप्पा. ‘उऱ्या कुठं मारू, चिखलान? नारल फोरलाय रं सायबा. पूजा हाय बोटीची. तू पन ये परसाद खावाला.’

अख्खं ऑफिस हसलं. साहेब केबिनमधून बाहेर येऊन हसले. मीपण पोट धरून हसले, हसण्यासारखंच होतं. पुढचे कितीतरी दिवस कँटीनमध्ये हा ताट घेऊन बसला की कुणीतरी म्हणायचं, ‘सर, उड्या मारा!’ तो कसनुसा हसायचा आणि भात कालवत राहायचा.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, यंत्र चालतंय, नारळाएवढा दणकासुद्धा बरोबर पकडतंय. चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरला असता. पण या माणसाला बोट बुडण्याची भीती नाही, कुणी मरण्याची भीती नाही, लोक हसतील याची भीती. त्या दिवशी त्यानं मनात ठरवून टाकलं की यापुढं कुठल्याही बोटवाल्याला फोन करायचा नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. त्यानंतर त्यानं एकही फोन केला नाही, मी फोनजवळच बसते.

त्याच्या पडद्यावर लाल निशाण आलं की ते बंद करायला कारण निवडावं लागतं. लाट, धक्का, इंजिन, इतर, असं आधी होतं. या महाशयांनी त्यात नवीन कारण घातलं, नारळ. साहेबांना ते फार आवडलं. ‘स्थानिक परंपरेचा विचार केलाय’ असं मीटिंगमध्ये कौतुक केलं. मेला लाजला काय, मान काय खाली घातली! शी, मला तर बघवेना.

दिवाळीनंतर एका दुपारी बोट माघारी येत होती, तेव्हा खाडीत वाळू वाहून नेणाऱ्या एका बार्जचा, म्हणजे सपाट लोखंडी बोटीचा, कोपरा आमच्या बोटीच्या नाळीला डाव्या बाजूनं लागला. धडाड करून आवाज आला म्हणे, हितेश आडवाच झाला. बघतात तर बाहेर नुसता ओरखडा. हितेशनं पुट्टी भरली, वर रंग मारला, झालं. संध्याकाळी घरी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, थांब, उद्या आमच्या पडद्यावर काय आलंय बघते. गेले. त्या वेळेला लाल निशाण आलं होतं, आणि त्याच्यापुढं कृष्णात सरांनी कारण निवडलं होतं, नारळ.

मी तिथंच त्याला गाठला. ‘सर, काल आम्ही नारळ फोडला नाही. बार्ज लागली बोटीला.’

तो पडदा पुसत म्हणाला, ‘किरकोळ आहे मॅडम. नंतर हिरवी झाली ना!’

‘तुम्ही बटण दाबलं म्हणून झाली ना हिरवी?’

‘मॅडम, हा टेक्निकल विषय आहे.’

बोलती बंद करायला हा शब्द त्याला फार उपयोगी पडतो. पण त्यानंतर रोजच आमच्या बोटीवर नारळ फुटायला लागले. बोट लाटेवर आपटली की नाळीतून थर सुटल्याचा आवाज, आवाज आला की लाल, लाल आलं की याचा नारळ. मी जाता-येता बघायची. सकाळी नारळ, दुपारी नारळ. उरणच्या पुढं भर समुद्रात जाळं ओढताना नारळ. अमावास्येला नारळ. एकदा तर शेवटी न राहवून मी त्याच्या टेबलावर हात आपटला. ‘अहो, आम्ही बोट चालवतो की नारळाची वखार? जाळं ओढायचं सोडून माझा बाप नाळीवर नारळ आपटत बसेल का?’

तर हा शांतपणे म्हणतो कसा, ‘तुमच्याकडे रोज काही ना काही असतंच मॅडम. देवाधर्माचं तुमचं फार. श्रद्धेचा विषय आहे, मी काय बोलणार?’

घ्या! म्हणजे माझा बाप देवभोळा आणि हा शहाणा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी त्याला बोलावलं. त्यानं मान तिरकी करून सांगितलं, ‘घरची बोट आहे ना सर, मॅडम जरा जास्त टेन्शन घेतात.’ साहेबांनी माझ्याकडे बघून गोड हसून सांगितलं की अमिता, तू फोन बघ, बोटी कृष्णात बघेल. अशी तिथं माझी किंमत.

मग त्यानं आणखी मोठा पराक्रम केला. रोज बटण दाबायचाही कंटाळा आला असणार. त्यानं कॉम्प्युटरलाच शिकवून टाकलं की नाळीकडून आवाज आला तर तो नारळच समजायचा, विचारायचं नाही, लाल करायचं नाही. भोंगा बंद. आता सगळ्या बोटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरव्या. गिऱ्हाइकं आली की साहेब त्यांना पडद्यासमोर उभं करायचे आणि कृष्णात टेंभा मिरवायचा, ‘खोट्या सूचना आपण पूर्ण बंद केल्या सर.’ खोट्या कुठल्या आणि खऱ्या कुठल्या हे कुणी विचारलंच नाही. वार्षिक कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला. शाल दिली आणि श्रीफळ दिलं. ते हातात घेऊन त्यानं दात काढून फोटो काढला. त्याच्या त्या सत्काराला मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच माझ्या हातात होतं.

एप्रिलमध्ये बोटीत पाणी यायला लागलं. फार नाही, पण रोज उपसावं लागायचं. आप्पांना वाटलं मागून, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याकडून येत असेल, तिथून थोडं येतंच. तरी त्यांच्या मनात आलं की बोट क्रेननं वर घ्यावी, एकदा सगळीकडून बघून घ्यावी. धंद्याचे शेवटचे दिवस, जूनपासून परत बंदी. वर घेतली तर आठवडा जाणार. म्हणून त्यांनी ऑफिसात फोन केला, मला म्हणाले, ‘तुज्या सरला दे.’

मी फोन नेऊन दिला. त्यानं स्पीकर लावला, मोठेपणा दाखवायला.

‘सायेब, बोटीन पानी येतंय. वर घेऊ काय?’

कृष्णातनं पडद्याकडे बघितलं. हिरवं होतं. हिरवं नसून जाईल कुठं! ‘काही गरज नाही आप्पा. एकदम ओके आहे. बिनधास्त जा, मी बघतोय ना इथून.’

मी तिथंच उभी होते. मी फोनमध्ये ओरडले, ‘आप्पा, याचं ऐकू नका, बोट वर घ्या!’ कृष्णातनं माझ्याकडे असं बघितलं, लहान मूल मध्ये बोललं की बघतात तसं. आणि आप्पा काय म्हणाले? ‘तू फोन घेतंस बाय. तो शिकलेला हाय. तुज्या हापिसातला मानूस, खोटा कशाला बोलंल?’

रात्री घरी भांडले. हितेशशी भांडले, आईला मध्ये घातलं. आप्पा म्हणाले, बरं, अजून दोन खेपा मारतो, मग घेतो वर. म्हाताऱ्यानं एकदा ठरवलं की हलायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. हितेश होता, दुसऱ्या बोटीवरून बोलत होता. दात वाजत होते त्याचे. म्हणाला, ‘ताय, नाल फुटली. बोट गेली. आप्पा नाय मिलत.’

वारा उठला होता, लाट वाढली होती. आप्पा पुढं नांगराचा दोर आवरत होते, आणि त्यांच्या पायाखालीच नाळ उघडली. बोट तोंडावर पाण्यात गेली. हितेश मागं होता, म्हणून त्याला जाळ्याचे बोये सापडले, ते धरून तरंगत राहिला. आप्पा पुढं होते.

मी फोन हातात घेऊन तशीच धावत आत गेले. काय करायला गेले कुणास ठाऊक. कुठल्या जागेवर बोट होती ते तरी पडद्यावर दिसेल, शोधणाऱ्यांना सांगता येईल, असं काहीतरी डोक्यात असेल. मी म्हटलं, ‘सर, आमची बोट बुडाली.’

कृष्णात डबा खात होता. त्यानं चमचा खाली ठेवला, पडदा नीट बघितला आणि बोट लावून मला दाखवलं. ‘नाही हो मॅडम. ही बघा. हिरवी आहे.’

तारांची खबर पाठवणारा बोटीवरचा डबा बोटीबरोबर खाली गेला होता. नवीन काही येत नव्हतं, म्हणून पडदा शेवटचा रंग दाखवत बसला होता. बोट समुद्राच्या तळाला आणि हा मला समजावतोय, काळजी करू नका, कुणीतरी चेष्टा केली असेल. मी त्याला तिथंच कानाखाली मारायला हवी होती. हात वर गेलाही होता. पण हितेश फोनवर होता, मी त्याच्याशीच बोलत जिना उतरले.

आप्पा तिसऱ्या दिवशी करंजा गावाच्या किनाऱ्याला मिळाले. त्यापुढं मी काही सांगणार नाही.

ऑफिसात कुणाची नोकरी गेली असं वाटत असेल तर सोडून द्या. साहेबांनी माणूस पाठवला, हार पाठवला. वाईट झालं, समुद्राचं काही सांगता येत नाही, असं सगळे बोलत होते. सगळं खापर समुद्रावर. कृष्णात मात्र आला नाही. माझ्या मनात आलं, निदान तोंड दाखवायची लाज वाटत असेल. तेवढी तरी माणुसकी आहे म्हणायची.

कसली लाज! कार्य उरकल्यावर एका रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग. दारात चपला काढून, नमस्कार करून बसला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मी दारातूनच हाकलला असता. पण असा गरीब चेहरा करून बसला की आईनं उठून चहा टाकला. आमच्याकडे दुःखाच्या घरीही आलेल्या माणसाला तसा पाठवत नाहीत.

चहा हातात घेऊन तो हितेशला विचारायला लागला. आधी काय झालं, नाळ कुठून उघडली, डावीकडून की उजवीकडून. मला वाटलं, आता माफी मागेल. हितेश बिचारा सांगत होता, खाली बघत. ‘डावीकरून. जिथं बार्ज लागलेली ना, बराबर तिथून.’

‘तिथूनच? नक्की?’

‘नक्की. माज्या डोल्यासमोर.’

कृष्णातचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरावं तसा त्यानं श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘म्हणजे सेन्सर बरोबरच होते मॅडम! पहिल्या दिवसापासून बरोबर तीच जागा दाखवत होते. मला वाटत होतं, यंत्रातच काही दोष निघतो की काय. दोष नाही. एकदम ॲक्युरेट!’

एवढा हलकटपणा करायलासुद्धा अक्कल लागते, आणि याला ती नाही, हे मला त्या क्षणी कळलं. तो खरंच आनंदाची बातमी घेऊन आमच्या घरी आला होता.

आई भिंतीला टेकून बसली होती. आप्पा गेल्यापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. तिनं मान वर केली.

‘यंतर सांगत व्हता?’

‘हो मावशी. रोज सांगत होतं.’

‘मंग तू काय करत व्हतास?’

त्यानं चहाचा घोट घेतला. त्याला प्रश्न अवघड वाटलाच नाही.

‘मी लक्ष ठेवून होतो ना,’ तो म्हणाला.

आई भिंतीला धरून उठली. तिनं त्याच्या हातातून अर्धा भरलेला कप काढून घेतला, मोरीत नेऊन ओतला, आणि त्याच्याकडे पाठ करून कप घासायला बसली.